ते घाबरायचे का?

आमच्या ह्यांना जाऊन तेरा दिवस झाले आणि सोसायटीने त्यांना कॅप्टन केलं.

हयात असताना ते नुसते दशरथ ओव्हाळ होते. नौदलातून पेटी ऑफिसर, म्हणजे सैन्यातल्या हवालदाराच्या बरोबरीच्या हुद्द्यावरून निवृत्त, बी विंग, दुसरा मजला, पाण्याच्या मोटारीबद्दल दर महिन्याला लेखी तक्रार. घरचा जलदान विधी आटोपला, तोवर खालच्या फलकावर रंगीत खडूने झळकलं : 'सागरवीर कॅप्टन ओव्हाळ यांची शोकसभा'.

"अहो, ते कॅप्टन नव्हते," मी सेक्रेटरींना, गोपाळकृष्ण लिमयांना म्हटलं.

"वहिनी, आता कोण तपासणार आहे? आणि खडू संपलाय."

खरं सांगायचं तर तपासायला मलाही काही माहीत नव्हतं. माणूस वीस वर्षं पाणबुडीवर होता, आणि खाली नेमकं काय करायचात, असं विचारलं की म्हणायचा, "इलेक्ट्रिकल." पुढचं विचारलं की, "सांगायचं नसतं." सुट्टीवर आले की अंगाला डिझेलचा वास यायचा, दोनदा साबण लावूनही जायचा नाही. मला जे कळायचं ते तेवढंच. ते बोटीवर असताना रेडिओवर बातम्या लागल्या, की माझे हातपाय गार पडायचे. ते मात्र परत येऊन पहिल्या दिवशी मलाच हसायचे, झुरळाला घाबरते म्हणून. तुम्हाला भीती वाटते का हो, एवढं एक मला विचारायचं होतं. तीस वर्षांत जमलं नाही. तीन दिवस दवाखान्यात होते, तेव्हाही नाकातोंडात नळ्या.

मुलगा रोहन त्यांच्यावरच गेलाय. हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. काय करतोस रे, तर "आई, प्रोजेक्ट कॉन्फिडेन्शियल आहे." बापलेक समोरासमोर जेवायला बसले, की दोन देशांचे वकील बसल्यासारखे वाटायचे. एकदा त्याच्या बॅगेतून कागद पडला तेव्हा कळलं, अमेरिकेतल्या कुत्र्यामांजरांचा विमा.

शोकसभेसाठी पडद्यावर चित्रं दाखवायचं काम लिमयांनी रोहनलाच लावलं होतं. पहिलं चित्र डॉल्फिनचं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"आई, टेम्प्लेटमध्ये आलंय. निघत नाहीये."

लिमये बोलायला उभे राहिले. "पाणबुडीच्या खिडकीतून शत्रूच्या नजरेला नजर भिडवणारे आमचे कॅप्टन..." सोसायटीतली पोरं ह्यांना नेहमी विचारायची, आजोबा, खिडकीतून कुठले मासे दिसायचे? हे म्हणायचे, "पाणबुडीला खिडकी नसते. मासा मी फक्त ताटात पाहिलाय." लिमयांच्या भाषणात मात्र खिडकीशेजारी गॅलरीही आली असती, पण तेवढ्यात त्यांना मागच्या रांगेतले पाहुणे आठवले.

ते पाहुणे म्हणजे शकील तांबोळी, भवानी पेठेतले. पेपरातली छोटी बातमी वाचून आले होते. दारातच मला म्हणाले होते, "वहिनी, दशरथ आणि मी एका बोटीवर होतो." मी काही विचारणार, तोच लिमयांनी "प्रत्यक्षदर्शी!" म्हणून त्यांना पळवलं होतं.

शकीलभाईंनी माइक हातात घेतला आणि तो चालू आहे का, ते नीट तपासलं. "खरं म्हणजे मी दशरथला जागा फार कमी बघितला. बोटीवर माणसं जास्त, बिछाने कमी. एका बिछान्यावर दोघे. तो उठून ड्युटीवर गेला की मी झोपणार, मी गेलो की तो. कधीकधी दोन-दोन महिने. बिछाना कायम गरम. घोरायचा नाही. चांगला माणूस."

खसखस पिकली. लिमये घाईने म्हणाले, "त्यांचं शौर्य? पराक्रम?"

"बॅटरीत पाणी घालायचा."

"काय?"

"खाली शेकडो बॅटऱ्या असतात. सरपटत जायचं आणि एकेकीतलं पाणी बघायचं. रोज. ते त्याचं काम."

"म्हणजेच नौदलाची ऊर्जा!" लिमयांनी माइक काढून घेतला. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात हे लक्षात आल्यावर त्या एकेक करून थांबल्या.

इतकं सोपं उत्तर, आणि त्यासाठी तीस वर्षं! मला रागच आला. उठले, लिमयांच्या हातून माइक घेतला.

"शकीलभाई, ते घाबरायचे का?"

"वहिनी, शूर माणसाबद्दल असं..." लिमये पुटपुटले.

"तुम्ही बसा हो."

मी शकीलभाईंपुढे माइक धरला, त्यांनी तो हाताने बाजूला सारला. मग माइकशिवायच बोलले. "एकाहत्तरच्या युद्धात एकदा, वर एक जहाज घिरट्या घालत होतं. कुणाचं, ते सांगत नाही. आवाज करायचा नाही, म्हणून ज्याला काम नाही त्याने पडून राहायचं. मी बिछान्यात होतो. दशरथची ड्युटी संपलेली, पण जागा कुठाय? माझ्या पायाशी बसला. माझा अंगठा मुठीत धरून. पाच तास. सारखी थरथर. त्याचा हात थरथरत होता का माझा पाय, ते अजून कळलं नाही."

लिमयांनी लिहायला उघडलेली वही मिटली.

"हे... इतिवृत्तात घ्यायला नको," लिमये हळूच म्हणाले.

"नका घेऊ," मी म्हटलं. "ते माझं आहे."

मी आता कोसळणार म्हणून पुढच्या रांगेतल्या बायका पाण्याची बाटली घेऊन सरसावल्या होत्या. मला मात्र कधी नव्हे इतकं हलकं वाटत होतं. आमच्या घरात घाबरणारी मी एकटीच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.

शकीलभाईंना जेवल्याशिवाय सोडलं नाही. रोहनने ऑफिसात फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं आणि तोही समोर येऊन बसला.

"अंगठा कुठल्या पायाचा हो?" मी भाकरी वाढत विचारलं.

"डाव्या, वहिनी."

"बरं. आता परत सांगा. सावकाश."