पाठीवरची काजळी

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मुकुंदवाडी रेल्वे स्टेशनजवळच्या एका मंगल कार्यालयात धूर मेला. दोन-अडीचशे माणसांनी तो मरताना पाहिला आणि निम्म्यांनी मोबाइलवर त्याचं चित्रीकरण केलं.

स्टेजवर लिफ्टएवढी काचेची खोली होती. आत एक स्टूल, स्टुलाखाली पाण्यानं भिजवलेलं पोतं. स्टुलावर पुंजाराम बसले होते, अनवाणी, दोन्ही पाय पोत्यावर टेकवून. लासूर स्टेशनच्या मोंढ्यात त्यांनी उभा जन्म पोती वाहिली आणि धान्याची धूळ छातीत भरून घेतली. आता दम्यानं बेजार होऊन ते मुकुंदवाडीत लेकीकडे राहतात. त्यांच्या छातीवर काळी घोंगडी होती आणि पाठीवर पांढरंशुभ्र उपरणं.

खोलीत कापूर पेटवला गेला. काळा धूर चढत गेला. पुंजाराम दिसेनासे झाले, फक्त खोकला ऐकू येत राहिला.

मग धुकेश्वर महाराज पुढं झाले. महाराज स्वतः कधीच आत बसत नसत. धुराशी त्यांचं वैर होतं, पण ओळख नव्हती. काचेला पाडलेल्या भोकातून त्यांनी पितळी कमंडलूची चोच आत घातली आणि डोळे मिटले. "ओम धूं धूं धूम्रनाशाय फट् स्वाहा!"

चोचीतून धुक्यासारखे बारीक तुषार उडाले. बघता बघता धूर विरळ झाला, फाटला, संपला. खोली स्वच्छ. आत पुंजाराम, हातावरचे केस ताठ उभे राहिलेले.

महाराजांचा शिष्य अभय माइकवर ओरडला, "तीर्थ मारलं कुठून?"

"पुढून!" गर्दी म्हणाली.

"आणि बघा निघालं कुठून!"

त्यानं पुंजारामांना पाठमोरं केलं. पाठीवरचं उपरणं ओलं झालं होतं आणि त्यावर काजळीचे ओघळ होते.

"छातीतून आरपार! डॉक्टर नुसता एक्स-रे काढतो. महाराज मळ काढतात!"

टाळ्या झाल्या. पुढच्या रांगेतल्या वच्छलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. महाराजांच्या पायाशी एक टोपलं होतं. त्यात फुलं नव्हती, दम्याचे पंप होते. निळे, तपकिरी, जांभळे. इथला हा नियमच होता, आधी पंप अर्पण करायचा आणि मगच तीर्थ घ्यायचं. "खिशात पंप म्हणजे मनात शंका," असं महाराज म्हणत. पुंजारामांनी आपला पंप महिनाभरापूर्वीच त्या टोपल्यात टाकला होता.

त्यांची मुलगी मोनिका त्यावरून रोज भांडत होती. वाळूजच्या कारखान्यात पाळी करून ती घरी यायची तेव्हा वडील भिंतीला पाठ लावून बसलेले असायचे. आडवं झालं की श्वास अडकायचा.

"आप्पा, नवा पंप आणलाय. घ्या ना एकदा."

"नको. मळ सुटायलाय. सुटताना तरास होतोच."

"कुणी सांगितलं?"

"महाराजांनी."

"अन् ओठ निळे पडायलेत ते? तेबी मळच का?"

"तू लई शिकली म्हणून बापाला वेडा समजू नको. उपरण्यावरची काजळी तू डोळ्यानं पाह्यली का नाय?"

मोनिकानं ती पाहिली होती, आणि तिची पंचाईत नेमकी तिथंच होती. महाराज खोटे आहेत हे तिला ठाऊक होतं. काजळी मात्र खरी होती.

ती आपल्या जुन्या शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षिकेकडे, विशाखा मॅडमकडे गेली. मॅडमनी मोबाइलमधलं चित्रीकरण पुन्हा पुन्हा पाहिलं. मग विचारलं, "छातीवरची घोंगडी काळीच का गं?"

"काळी घोंगडी पवित्र, म्हणतात."

"काळ्यावर काजळी दिसत नाही, हेही म्हणतात का?"

पुढच्या रविवारी विशाखा मॅडम मंगल कार्यालयात आल्या तेव्हा त्यांच्या कडेवर बाळ होतं. नखशिखांत दुपट्यात गुंडाळलेलं, डोक्यावर जरीची कुंची, तोंडावरून पुढं ओढलेली. सोबत मोनिका. पुंजाराम पहिल्या रांगेत, स्टेजच्या पायरीजवळ बसले होते. त्यांनी पाहिलं आणि अर्धवट उठले.

"बाई, लेकराला नका नेऊ त्या धुरात. लई कोंडतं आत."

"तुम्ही तर जाता ना, आप्पा?"

"माझं काय, म्हातारा माणूस. लेकराचं तसं नाय."

त्यांना कुणीतरी खाली बसवलं. अभयनं माइक पुढं केला.

"बाळ कुठलं?"

"दौलताबादचं," मॅडम म्हणाल्या.

"वजन?"

"साडेचार किलो."

"अंगावर पितं का?"

"नाही, पाण्यावरच वाढलंय."

वच्छलाबाई हळहळल्या, "अगं माय! कशी गं ही आजकालची पोरं!"

महाराजांनी बाळाच्या दिशेनं हात धरला आणि डोळे मिटले. "मागच्या जन्मी हा भट्टीवरचा कारागीर होता. चाळीस वर्षं धूर गिळला. ती काजळी या जन्मात छातीला आली आहे. पण भिऊ नकोस, माते. बाळाचा आत्मा माझ्याशी बोलतोय."

"काय म्हणतोय?"

"मोकळं करा, म्हणतोय."

मॅडम अनवाणी आत गेल्या, ओल्या पोत्यावर उभ्या राहिल्या. बाळाच्या पुढच्या बाजूला घोंगडीचा तुकडा आणि पाठीला पांढरं दुपटं. त्यांनी ओढणी तोंडाला घट्ट बांधली. कापूर पेटला, धूर भरला, मंत्र झाला, तुषार उडाले, धूर मेला. अभयनं बाळाची पाठ गर्दीकडे वळवली. पांढऱ्या दुपट्यावर काजळीचे ओघळ.

"बाळाची छाती साफ!" अभय ओरडला. जयजयकार झाला.

मॅडमनी कुंची काढली. दुपटं सोडलं. आत तांबडा भोपळा होता, चांगला देठासकट.

मग मागून एक पोरगं फिस्सकन हसलं आणि हसू रांगारांगांतून पुढं सरकत आलं. महाराजांचे डोळे पहिल्यांदाच पूर्ण उघडले.

एवढ्यावर काम व्हायला हवं होतं, पण झालं नाही. वच्छलाबाई उभ्या राहिल्या आणि हात जोडून म्हणाल्या, "बघा, बघा! महाराजांनी भोपळ्यालाबी सोडलं नाय! त्याचीबी छाती साफ केली! किती दया!"

"व्हय की," शेजारची बाई म्हणाली. "जीवच हाय त्यो."

अभयला धीर आला. "चमत्कारावर चमत्कार! फळभाजीचा उद्धार!"

मॅडमनी कपाळाला हात लावला नाही. त्या काचेच्या खोलीतून बाहेर आल्या, महाराजांच्या आसनाकडे गेल्या आणि कमंडलूच्या बुडातून निघालेली भगवी नळी हातात धरून ओढली. मखमली आसनाखालून एक डबा घरंगळत आला. पाण्याची टाकी, बॅटरी आणि दोन खटके, पाण्याचा काळा आणि विजेचा लाल.

"दिव्य पेटीला हात लावू नका!" महाराज ओरडले.

"दिव्य पेटीवर पट्टा आहे, महाराज, पाठीला अडकवायचा. डाळिंबाच्या बागेत फवारायला घेऊन हिंडतात ही." मॅडम गर्दीकडे वळल्या. "मला मंत्र येत नाही. मी पाढा म्हणते."

खोलीत पुन्हा कापूर पेटवायला मोनिका पुढं झाली. यावेळी आत फक्त भोपळा होता, ओल्या पोत्यावर, पाठीला नवं पांढरं फडकं. धूर भरल्यावर मॅडमनी दोन्ही खटके दाबले, चोच भोकात घातली आणि खड्या आवाजात सुरुवात केली, "एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न..."

धूर विरला. भोपळ्याच्या पाठीवर काजळी आली. एकोणतीस चोक म्हणायची वेळच आली नाही. मोनिकानं भोपळ्याला कोरडं फडकं बांधलं आणि पुन्हा कापूर पेटवला.

"आता लाल खटका बंद. पाणी चालू, फवारा चालू, फक्त वीज बंद. आणि मंत्र महाराजांचा. म्हणा सगळे."

अडीचशे गळ्यांनी मंत्र म्हटला. तुषार उडाले, खाली पडले, पोतं आणखी भिजलं. धूर होता तिथंच राहिला. भोपळ्याची पाठ कोरडी.

"चोचीत एक कडं आहे," मॅडमनी सांगितलं. "त्यातून जाताना पाण्याच्या थेंबाला वीज लागते. तसा थेंब धुराचे, धुळीचे कण स्वतःकडे ओढतो आणि त्यांना घेऊन खाली बसतो. म्हणून धूर जातो. तोच थेंब जमिनीला टेकलेल्या वस्तूकडेही धावतो. पाय ओल्या पोत्यावर आहेत, म्हणजे तुम्ही जमिनीला जोडलेले. समोर जागा मिळाली तर समोर बसतो, काळ्या घोंगडीवर तो दिसत नाही एवढंच. उरलेला वळसा घालून पाठीवर बसतो. बागेत पानाच्या खालच्या बाजूला औषध बसतं, ते असंच. आरपार काही जात नाही. अंगावरचे केस उभे राहतात तेही विजेनंच. यंत्र खरं आहे. हवा खरंच साफ होते. छातीत मात्र ते शिरत नाही."

हे चाललं असताना खोलीचं दार नीट लागलं नव्हतं. न विरलेला धूर पायरीवरून खाली उतरला आणि पहिल्यांदा पुंजारामांना भेटला. ते खोकले. मग खोकणंही थांबलं, नुसती शिट्टीसारखी ओढ येऊ लागली. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढं.

"खिडक्या उघडा!" मॅडम ओरडल्या आणि स्वतः धावल्या. मोनिकानं पिशवीतून नवा पंप काढला, टोपण काढून वडिलांच्या तोंडाजवळ धरला. त्यांनी मान फिरवली.

"म... महाराज..."

पुंजारामांनी महाराजांकडे पाहिलं. जागा रिकामी होती. महाराज मागच्या दारानं निसटून अभयच्या स्कूटीवर बसले होते, आणि ती स्कूटी जालना रोडकडे वळली होती.

"आप्पा," मॅडम त्यांच्यासमोर खाली बसल्या, "मघाशी मला अडवलंत. लेकराला धुरात नेऊ नका म्हणालात. का म्हणालात?"

त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी फक्त छातीवर हात ठेवला.

"म्हणजे तुम्हाला माहीत आहे. माहीत असलेलं स्वतःसाठीही वापरा."

पुंजारामांनी तोंड उघडलं. मोनिकानं पंप दाबला. एकदा, थोड्या वेळानं पुन्हा. त्यांच्या मागं मात्र टोपल्याभोवती झुंबड उडाली होती. "माझा निळा!" "अहो सगळेच निळे!" वच्छलाबाई गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी पंप उपसत होत्या आणि एकेकावरचं नाव वाचायला शेजारणीला चष्मा मागत होत्या.

पुंजारामांना घाटी रुग्णालयात नेलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. पोलिसांनी जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदवला. महाराजांचा शोध सुरू आहे.

सोमवारी संध्याकाळी विशाखा मॅडम पुंजारामांना भेटायला गेल्या. ते खाटेवर बसून होते. म्हणाले, "मॅडम, भोपळ्याचं कळलं. पण एक इचारू? त्या काचेत बसल्यावर शेवटी शेवटी मला मोकळं वाटायचं. खरंच वाटायचं. ते खोटं होतं का?"

"खोटं नव्हतं, आप्पा. पण आत बसल्यावर धूर कुणी केला?"

"त्यांनीच."

"मग काढला कुणी?"

आपल्याला कोंडणाऱ्यानंच दार उघडलं म्हणून त्याचे पाय धरण्यापूर्वी हा एक प्रश्न ज्याचा त्यानं विचारावा. त्यासाठी शिक्षिका लागत नाही, भोपळाही लागत नाही.

मंगळवारी सकाळी पुंजारामांनी मोनिकासमोर पंप घेतला. संध्याकाळचा त्यांनी एकट्यानं घ्यायचा होता, तिची दुपारची पाळी होती. तो घेतला की नाही हे ती घरी परतल्यावर कळेल. हे लिहून होईपर्यंत ती परतली नव्हती.