माझी छाती मऊ झाली तेव्हा

मित्रांनो, मी एक म्हातारा पुतळा आहे. चौकात घोड्यावर बसलेला असतो तसला नव्हे. माझ्या गळ्यात कधी कुणी हार घातला नाही. मला डोकं आहे, मान आहे, छाती आहे आणि कमरेशी मी संपतो. हातपाय मला दिलेच नाहीत, कारण माझ्या कामात त्यांची गरज नव्हती. जमिनीवर उताणं पडून मेल्यासारखं राहायचं, आणि बंद पडलेलं हृदय कसं चालू ठेवायचं ते लोकांनी माझ्यावर शिकायचं, एवढंच माझं काम.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथे माझ्या छातीत जाड पोलादी स्प्रिंग बसवली ती एका चष्मेवाल्या बाईंनी. स्प्रिंगच्या खाली त्यांनी एक पातळ पत्ती लावली. छाती पुरेशी खोल दाबली गेली, की ही पत्ती ‘टक्’ असा आवाज करते. तेवढा एकच शब्द मला येतो. त्याचा अर्थ ‘बरोबर’. बाईंनी दोन्ही हातांनी मला दाबून पाहिलं. ‘टक्’ यायला त्यांना चांगलाच जोर लावावा लागला. कपाळावरचा घाम पुसत त्या शेजारणीला म्हणाल्या, “हा लोकांना दमवणार बघ.” मला त्या बोलण्याचा फार अभिमान वाटला. खऱ्या माणसाची छाती दाबायला जेवढा जोर लागतो, तेवढा लावल्याशिवाय मी कुणालाही ‘बरोबर’ म्हणत नसे.

तिथून मी या प्रशिक्षण केंद्रात आलो. दोन खोल्या, एक फळा, एक लोखंडी कपाट आणि खिडकीखाली रुग्णवाहिका उभ्या करायची जागा. रुग्णवाहिकेबरोबर जाऊन रोग्याचा जीव तगवणारी जी माणसं असतात, त्यांना आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ म्हणतात. त्यांच्या परीक्षेची तयारी इथे चालते. शिकवणारे सर तेव्हा तरुण होते आणि भलतेच कडक होते. कुणी हळू दाबलं की ओरडायचे, “गादी झटकताय का? माणूस आहे तो!” मुलांचे हात भरून यायचे, मनगटं सुजायची. निम्मी मुलं पहिल्या खेपेला नापास व्हायची आणि खुन्नस काढल्यासारखी पुन्हा माझ्यावर तुटून पडायची. सगळे मला ‘मामा’ म्हणत. “आज मामा किती वेळा गेले?” असं एकमेकांना विचारून खिदळत. मी दिवसातून साठ वेळा मरत असे आणि मला त्याचं काही वाटत नसे.

एकदा एक जुना विद्यार्थी एका घड्याळजीबुवांना घेऊन आला. बुवांचं हृदय दुकानातच थांबलं होतं आणि या मुलाने ते दवाखान्यापर्यंत चालू ठेवलं होतं. बुवा गुडघे धरत माझ्याजवळ बसले, माझ्या रबरी गालावर त्यांनी हात ठेवला आणि म्हणाले, “म्हणजे माझ्याआधी तुम्ही गेला होतात तर!” सगळा वर्ग हसला. सर मात्र तोंड फिरवून फळा पुसत राहिले. फळ्यावर तेव्हा काही लिहिलेलं नव्हतं.

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस होते. लोखंड कितीही जाड असलं तरी थकतं. माझ्याबरोबर आलेल्या पुस्तिकेत स्पष्ट छापलं होतं, की दर दोन वर्षांनी स्प्रिंग बदलावी. ती पुस्तिका कपाटाच्या खणात पडून होती. नऊ वर्षं एकच स्प्रिंग दबत राहिली आणि हळूहळू माझी छाती मऊ झाली. आधी सगळा देह झोकून दाबावं लागे. मग थोडा जोर पुरू लागला. शेवटी शेवटी तर कुणी नुसतं रेललं तरी मी ‘टक्’ म्हणू लागलो. मला कळत होतं, पण पत्तीपुढे माझं काही चालत नव्हतं.

सरांच्याही ते लक्षात आलं होतं. त्यांनी व्यवस्थापकांना एकामागून एक तीन अर्ज दिले. व्यवस्थापक स्वतः येऊन मला एकदा दाबून गेले. “वाजतंय की! मग बिघडलंय कुठे?” असं म्हणून त्यांनी रुमालाला हात पुसले. त्या वर्षी सगळीच्या सगळी मुलं पास झाली. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून येणारे परीक्षक खुर्चीवर बसत, घड्याळ लावत, ‘टक्’ मोजत आणि कागदावर खुणा करत. खाली वाकून मला हात लावायची तसदी कुणी घेतली नाही. दारावर फलक लागला: ‘शंभर टक्के निकाल’. व्यवस्थापकांचा सत्कार झाला, सरांनाही एक पेन मिळालं. चौथा अर्ज सरांनी लिहिलाच नाही.

अशा दिवसांत ती आली. दवाखान्याच्या धुलाईघरात ती चादरींना इस्त्री करायची, म्हणून वर्गाने तिचं नाव पाडलं इस्त्रीताई. चाळिशीला टेकलेली, दोन मुलांची आई. शाळा सुटून वीस वर्षं झाली होती. ती वर्गाच्या तासभर आधी यायची, माझ्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसायची आणि मोठ्याने पाठ करायची. “मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा. खोली पाच ते सहा सेंटिमीटर. तीस वेळा दाब, दोन वेळा श्वास.” चुकली की स्वतःच्याच डोक्यात टपली मारायची. पुस्तकाच्या पानांना धुलाईघरातल्या साबणाचा वास असे. घरी तिच्या सासूबाई चष्मा लावून तिला प्रश्न विचारत. एकदा तिने मला हसत हसत सांगितलं, “मामा, आमच्या सासूबाईंना सगळे रोग तोंडपाठ झालेत आणि आता त्यांना वाटतं, ते सगळे त्यांनाच झालेत.”

ती इथे कशासाठी आली, तेही तिने मलाच सांगितलं. तिचे वडील घरात कोसळले, तेव्हा आठ माणसं भोवती उभी राहून नुसती बघत होती. “त्यात मी पण होते, मामा,” ती म्हणाली. “मी त्यांना पाणी पाजायला गेले. पाणी!” मग ती उठली आणि मला दाबू लागली. मी दर वेळी ‘टक्’ म्हणालो. इतकं मन लावून दाबणारी माझ्याकडे दुसरी कुणी आली नव्हती, आणि इतकं खोटं मी दुसऱ्या कुणाशी बोललो नव्हतो.

ती पहिली आली. लेखी परीक्षेत पहिली आणि प्रात्यक्षिकात तर दोनशे दाबांपैकी दोनशे बरोबर. सासूबाईंनी निकालाचा कागद शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवला. तिला रुग्णवाहिकेवर नोकरी लागली. जाताना ती माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

दीड महिन्याने एका दुपारी ती परत आली. सर वर्गात एकटेच उत्तरपत्रिका लावत होते. तिने त्यांना नमस्कार केला नाही. तशीच माझ्याजवळ येऊन गुडघ्यावर बसली. तिने माझ्या छातीवर एकच हात ठेवला, फक्त उजवा, आणि सहज खाली रेटला.

मी म्हणालो, ‘टक्’.

तिने पुन्हा रेटला. मी पुन्हा म्हणालो. मित्रांनो, त्या वेळी माझ्यातली पत्ती मोडून पडली असती तर मी तिचे उपकार मानले असते.

“सर,” ती माझ्याकडेच बघत म्हणाली, “परवा एक शिंपीणबाई गेल्या. पन्नाशीच्या. मशीनवर बसल्या बसल्या कोसळल्या. आम्ही नऊ मिनिटांत पोचलो. दादा झटका द्यायचं यंत्र जोडत होते, तोवर मीच दाबत होते.”

दादा म्हणजे तिच्या गाडीवरचा जुना तंत्रज्ञ. यंत्राच्या तारा लावून त्याने मान वर केली आणि तो किंचाळलाच, “अगं, दाब! गोंजारतेस काय?” त्याने तिला बाजूला सारलं आणि स्वतः दाबायला सुरुवात केली. त्याच्या हातांखाली शिंपीणबाईंची छाती ताईच्या हातांखाली जायची त्याच्या दुप्पट खाली जात होती. तिला ते दिसलं. शिंपीणबाईंची मुलगीही तिथेच उभी होती, गळ्यात मोजपट्टी तशीच लटकत होती. तिलाही दिसलं. सगळं संपल्यावर ती मुलगी रडत नव्हती. इस्त्रीताईकडे बघून तिने एवढंच विचारलं, “आधीच तसं का नाही केलंत?”

“काय सांगू तिला, सर?” ताई म्हणाली. “काल दादांनी मला रुग्णवाहिकांच्या तळावरच्या नव्या पुतळ्यावर दाबायला लावलं. वीस वेळा दाबलं. एकदाही बरोबर आलं नाही. आणि हा एका हाताने वाजतो. तुम्हाला माहीत होतं?”

सर खिडकीबाहेर बघू लागले. “मी तीन अर्ज दिले होते.”

“ते ऑफिसात दिलेत. आम्हाला का नाही सांगितलंत? ‘याची स्प्रिंग गेलीय, दुप्पट जोर लावा.’ एवढं फळ्यावर लिहिलं असतंत तरी पुरे होतं. खडूला काही मंजुरी लागत नाही.”

“तुम्ही सगळे पास होत होतात,” सर हळूच म्हणाले. “वाटलं, गाडीवर गेलात की शिकाल.”

“गाडीवर माणसं असतात, सर.”

एके काळी माणूस आहे तो, माणूस आहे तो, म्हणून याच खोलीत सरांनी घसा फोडला होता.

ती व्यवस्थापकांकडे गेली. दार उघडंच होतं, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. व्यवस्थापक चिडले नाहीत, उलट त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. “डॉक्टर काय म्हणाले?” त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले होते, की उशीर झालेला होता, कदाचित नीट दाबूनही वाचल्या नसत्या, नक्की कुणीच सांगू शकणार नाही. “झालं तर मग!” व्यवस्थापक म्हणाले. “उगाच मनाला लावून घेऊ नका. आणि हे बघा, तक्रार केलीत तर पहिलं प्रमाणपत्र तुमचंच जाईल. तुमच्याबरोबर शिकलेल्यांचंही जाईल. पोटापाण्याला लागलीत बिचारी. त्यांच्या पोटावर पाय आणणार आहात का?”

ती बाहेर येऊन माझ्याशेजारी बसली. मग तिने पिशवीतून अभ्यासाची वही काढली, मागचं कोरं पान फाडलं आणि तिथेच मांडीवर ठेवून तक्रार लिहिली. पुतळा कधीपासून मऊ आहे, तो एका हाताने कसा वाजतो, आणि तिच्या हातून काय झालं, तेही लिहिलं. हे शेवटचं तिने लिहिलं नसतं तरी चाललं असतं. सरांनी तो कागद वाचला आणि आपलं नाव खाली घालायला पेन उचललं. थोडा वेळ पेन तसंच हातात धरलं आणि खिशाला लावून टाकलं.

ताईने तो कागद परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडे पाठवला आणि तिथून चौकशीला दोघे जण आले. त्यांनी मला एकदा दाबलं, एकमेकांकडे पाहिलं आणि माझ्या मानेला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधली: ‘वापरू नये’. गेल्या तीन वर्षांत पास झालेल्या सगळ्या मुलांची फेरपरीक्षा ठरली. ती मुलं चवताळली. ज्यांना ताईने डबा वाटून खाऊ घातला होता, त्यांतलाच एक जण इथे येऊन सर्वांदेखत तिला म्हणाला, “स्वतःचं चुकलं ते आमच्या गळ्यात कशाला बांधतेस?” ती त्याला म्हणाली, “तू पण एकदा नव्या पुतळ्यावर दाबून बघ ना.” तो दाबायला गेला नाही. फेरपरीक्षा होईपर्यंत ताईला धुलाईघरात परत पाठवलं. सरांची दुसऱ्या केंद्रावर बदली झाली. व्यवस्थापक आहेत तिथेच आहेत. नवा पुतळा आला, तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी फोटो काढून घेतला.

मी आता कोठीच्या खोलीत आहे, तुटकी खुर्ची आणि जुन्या फलकांचा गठ्ठा यांच्याजवळ. शिपाईकाका दुपारी इथे डबा खायला बसतात, त्यांच्याकडून बातम्या कळतात. ताई फेरपरीक्षेत पास झाली आणि पुन्हा गाडीवर गेली. ती मला बघायला कधी आली नाही. तिने यावं असं मलाही वाटत नाही. काका सांगतात, की सुटीच्या दिवशी ती कधी कधी त्या शिंपीणबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहते आणि आत न जाता परत फिरते.

भिंतीपलीकडे वर्ग भरतो. नव्या पुतळ्याची स्प्रिंग ताठ आहे. मुलं धापा टाकतात, कुरकुरतात, मनगटं चोळतात. यंदा बारा जणांपैकी पाचच पास झाले. व्यवस्थापकांचं तोंड उतरलं होतं म्हणे. मला मात्र पुष्कळ दिवसांनी जरा बरं वाटलं.

मित्रांनो, वस्तू बिघडली आणि काम अडलं, तर ती कुणीही दुरुस्त करून घेतं. पण एखादी वस्तू बिघडल्यामुळे तुमचं काम सोपं झालं, तुम्हाला शाबासकी मिळू लागली, तर तेव्हा ती नीट तपासा. तुमची मोजपट्टी आखूड असेल, तुमचा वजनकाटा खोटा असेल, तर तो बदलून मागा. मोठी माणसं म्हणतील, चालतंय ना, मग राहू दे. तुम्ही राहू देऊ नका. अर्ज करून कुणी ऐकलं नाही, तर निदान शेजारी बसून शिकणाऱ्याला सांगा. मला ते सांगता आलं नाही, कारण मला एकच शब्द येत होता. तुम्हाला तर सगळी भाषा येते.