सरासरी पंचवीस मिनिटं

घरोघर फिरून केलेल्या मोजणीवरून पेपरात छापून आलं होतं की या भागातल्या माणसाला कामावर पोचायला सरासरी पंचवीस मिनिटं लागतात. शिंप्याने ते मशीनवर बसूनच वाचलं आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला. त्याची सून खोक्यांच्या कारखान्यात होती. कारखाना टेकडीपलीकडे, आणि हिला म्हणे जायला दीड तास, यायला दीड तास. मग वरचा वेळ जातो कुठे?

मुलगा दूर नोकरीला. बायको गेल्यापासून दिवसभर घरात शिंपी आणि त्याचं मशीन, त्यामुळे शंकेला रान मोकळं होतं. शेजारच्या न्हाव्याला विचारलं, तर तो वस्तरा थांबवून म्हणाला, "मोजणाऱ्यांना घड्याळ कळतं हो. तुमच्या सुनेला कळत नसेल."

एवढं पुरलं. रविवारी फोनवर मुलाशी बोलून तुझी नोकरी सोडवतो, असं शिंप्याने सुनेला रात्री जेवताना ऐकवलं. पण मुलगा पुरावा मागणार. म्हणून सकाळी, दोरे आणायचेत असं सांगून तो तिच्याच बसमध्ये चढला. घरात रिळांची चळत पडली आहे हे तिला ठाऊक होतं. तिने खिडकीची जागा तेवढी दिली.

बस टेकडीकडे वळलीच नाही. उलट्या अंगाने निघाली आणि वाटेतल्या एकूण एक गावाला टेकत गेली. चढणारी बाई सुनेशी हसली की शिंप्याचे कान टवकारत. ड्रायव्हरने तिला "आज सोबत कोण?" विचारलं, त्यातही त्याला वास आला. शेवटी फाट्यावर उतरून पायी कारखाना. दीड तास केव्हाच उलटला होता.

"परतीची बस संध्याकाळी आहे, मामंजी," एवढं सांगून सून आत गेली.

फाटकासमोर दगडावर बसल्यावर त्याला आठवलं. मोजणीवाली मुलगी त्याच्याकडेही आली होती. कामावर जायला किती वेळ लागतो म्हणाली, तर त्याने ऐटीत सांगितलं होतं, शून्य, खाटेवरून उठतो नि मशीनवर बसतो. न्हाव्यानेही तेच सांगितलं असणार. शेतावर राहणाऱ्यांनीही. या सगळ्यांची शून्यं सुनेच्या दीड तासात कालवून ती पंचवीस मिनिटं निघाली होती.

तरी मन मानेना. जेवणाच्या सुट्टीत ती कुणाबरोबर बसते ते बघू, म्हणून तो फाटकातून आत डोकावत राहिला.

वॉचमनने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा काठी घेऊन आला. बायका काम करतात तिथे काय टेहळताय, म्हणाला. दोरे घ्यायला आलो म्हटल्यावर त्याचा संशय आणखी वाढला, कारण आसपास दुकान असं नव्हतंच. शिंप्याची त-त-प-प झाली. अखेर त्याने सुनेचं नाव सांगितलं. ती आली, तिच्यामागे चार बायका आल्या.

"ओळखता का यांना?"

शिंप्याने मान खाली घातली.

"माझे सासरे," सून म्हणाली. "रस्ता लांबचा, म्हणून सोबतीला आले. सावलीत बसू द्या, गुडघे दुखतात त्यांचे." मग ती शिंप्याकडे वळली आणि आवाज न चढवता म्हणाली, "रविवारी काय बोलायचं ते बसून ठरवा. बसला वेळ आहे."

वॉचमनने आपली खुर्ची दिली. शिंप्याने ती फिरवली आणि फाटकाकडे पाठ करून बसला.