धुरीवरचा डबा

मी बोलतोय. इकडे तिकडे पाहू नका, भिंतीत बसवलेला पत्र्याचा डबा बोलतोय. आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर विश्वास नाही. तुमच्यावरही नाही. तुम्ही वरवर मान डोलवाल आणि मनात म्हणाल, 'डबा कुठं बोलतो काय!' म्हणा खुशाल. जन्मल्यापासून लोकांनी माझ्याकडे संशयानंच पाहिलं, मग मीही तेच शिकलो.

धुळ्यात पंडित आप्पाची केळी पिकवायची खोली होती. रावेर-फैजपूरकडून हिरव्या घडांचे ट्रक यायचे. घड खोलीत रचायचे, मधे कोळशाची शेगडी पेटवायची, तिच्यावर गोवरीचा चुरा टाकून धूर कोंडायचा आणि दार लावून बाहेरून फटी शेणामातीनं लिंपून टाकायच्या. या धुरानं आणि उबेनं केळं पिवळं होतं. ऊब कमी पडली तर घड हिरवे ते हिरवेच, जास्त झाली तर आतून शिजून गिळगिळीत. त्यामुळे विस्तव ना मरू द्यायचा ना माजू द्यायचा, हेच या धंद्यातलं सगळं कसब.

आप्पा ते कसब स्वतःच्या जिवावर करायचा. लिंपण खरवडायचं, चपला बाहेर काढायच्या, कारण केळीच्या खोलीत कुणी पायताण घालून जात नाही, आणि आत शिरून सुपानं शेगडीला वारा घालायचा. बरं, आत गेल्यावर दार तरी उघडं ठेवावं? छे! कोंडलेला धूर वाया जाईल म्हणून आपल्यामागं दार ओढून घ्यायचं आणि खालच्या फटीत ओलं गोणपाट कोंबायचं. बापानं तसंच केलं होतं, म्हणून हाही तसंच करायचा. बाहेर आला की डोळे लाल, पाय लटपटत. एकदा अंगणात ओकला आणि भिंत धरून खाली बसला.

त्या दिवशी त्याच्या बायकोनं, झुंबरबाईनं, आपल्या धाकट्या भावाला बोलावून घेतलं. भाईदास त्याचं नाव, पंप-पंख्यांच्या जळालेल्या विजेच्या मोटारी बांधून द्यायचं दुकान होतं त्याचं.

"भाईदास, असं काहीतरी कर की यांना आत जायलाच नको. कोळशाचा गॅस दिसत नाही, त्याला वास नाही. एखाद्या दिवशी हे आत जातील ते बाहेर यायचे नाहीत."

असा मी जन्मलो. माझं अंग म्हणजे बिस्किटांचा पत्र्याचा डबा. पोटात एक पट्टी, दोन धातू एकमेकांना चिकटवलेली. भाईदासनं आधी इस्त्रीतली पट्टी लावून पाहिली, पण तिला कपडे जाळण्याइतकी आग लागल्याशिवाय जागच येईना. मग बंद पडलेल्या एका कोंबडीफार्मवरून अंडी उबवायच्या पेटीतली पट्टी त्यानं आणली. ही मोठी हळवी. खोली गार झाली की सरळ व्हायची, टोकाला टोक लागायचं, पंखा सुरू व्हायचा आणि नळीतून शेगडीखाली वारा जायचा. खोली पुरेशी तापली की पट्टी वाकायची, टोक सुटायचं, पंखा बंद. भिंतीला भोक पाडून मला असं बसवलं की नाक आत आणि तोंड बाहेर. तोंडावर झिरोचा लाल बल्ब. दिवा पेटला म्हणजे विस्तवाला वारा मिळतोय, विझला म्हणजे ऊब पुरे झाली. इतकं सोपं.

आप्पाला ते सोपं वाटलं नाही. कमरेवर हात ठेवून त्यानं मला न्याहाळलं.

"हाऊ डबा केळी पिकवई? आणि मी काय करू, भजन?"

"दाजी, तुम्ही फक्त दिवा पाहायचा," भाईदास म्हणाला.

"दिवा विझना म्हणजे ऊब पुरी व्हयनी का तुन्हा डबा मरी गया, हाई माले कोण सांगई?"

खरं सांगू? प्रश्न बिनतोड होता. दिवा विझला तो ऊब पुरी झाली म्हणून की मीच मेलो म्हणून, हे बाहेरून कसं कळणार? भाईदासनं डोकं खाजवलं आणि चहा मागवला.

पण मी काम चोख करत गेलो. घड पिवळेधमक निघायला लागले. तरी आप्पाचा संशय जाईना. दिवा विझला रे विझला की येऊन भिंतीला तळहात लावायचा, माझ्या पत्र्याला कान लावायचा, आणि भिंत गरम लागली तरी तोंड वाकडं करून जायचा. मीही त्याच्यावर डोळा ठेवून होतो. हा कधीतरी माझा स्क्रू फिरवणार आणि मग बोंब मारणार की डबा नादुरुस्त! पलीकडच्या गल्लीतला उखर्डू, त्याचीही केळी पिकवायची खोली होती, तो 'रामराम' करायला आला की मला वाटायचं, हा माझी नक्कल मारायला आलाय. विजेच्या तारेवरही माझा भरवसा नव्हता. ती तर कुणाचीच नसते.

घरात एकाच माणसाचा माझ्यावर विश्वास होता. आप्पाची आई, सुंदरबाई. म्हातारी रोज सकाळी माझ्यासमोर उभी राहून पदर सारखा करायची आणि हात जोडायची. "मन्हा पोऱ्याले राखस हाऊ," माझ्या लेकाला हाच राखतो, असं शेजारणींना सांगायची. मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. अहो, मी बिस्किटाचा डबा, माझ्या अंगावर अजून बिस्किटाचं चित्र होतं! पण सांगतो, मनातून बरंही वाटायचं. तिच्यावर मी कधी संशय घेतला नाही. तिथंच माझं चुकलं.

त्या वर्षी खंडेनवमीला खोली भरलेली होती. दसऱ्याच्या बाजाराचा माल, उद्या पहाटे गाडी लागायची. खंडेनवमीला आमच्याकडे कामाच्या सगळ्या वस्तूंची पूजा होते. सुंदरबाईनं तराजू पुजला, विळा पुजला, घड वाहायची टोपली पुजली. सगळ्यांना हळदकुंकू लावलं. माझ्यापाशी आली आणि थांबली. हळदकुंकू तिला कमी वाटलं असावं. राखणदार देवाला शेंदूर लागतो, मारुतीला लागतो तसा. ती घरात गेली, तेलात कालवलेला शेंदूर घेऊन आली. माझ्या तोंडाशी स्क्रू फिरवायला एक खाच होती. तिला वाटलं, हे देवाचं तोंड. तिनं बोटभर शेंदूर त्या खाचेत आतपर्यंत सारला, मला नमस्कार केला आणि भजनाला निघून गेली.

शेंदूर माझ्या टोकांवर बसला. खोली गार होऊ लागली. पट्टी सरळ झाली, टोकाला टोक लागलं, पण मधे तो तेलकट थर. वीज पलीकडे जाईना. पंखा गप्प, दिवा विझलेला. मी आतल्या आत धडपडलो, पण डब्याची धडपड कुणाला दिसते?

दुपार झाली. झुंबरबाई झेंडूची फुलं आणायला बाजारात गेली होती. आप्पा आला. दिवा विझलेला. भिंतीला हात लावला, भिंत गार. पत्र्याला कान लावला, सगळं शांत. आणि त्याच्या तोंडावर असा आनंद पसरला म्हणून सांगू! इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते अखेर घडलं होतं.

"सांगेल व्हतं मी! डब्यानी दगा दिधा!"

त्यानं लिंपण खरवडलं, चपला काढल्या, आत शिरला. आणि धूर वाया जाऊ नये म्हणून मागं दार ओढून खाली गोणपाट कोंबलं.

आतलं सगळं मला दिसत होतं. तो सुपानं वारा घालत होता. निखारे फुलले. मग हात हळू झाला. मग तो घडांना टेकून बसला, थोडा दम खावा तसा. मला वाटलं, ढोंग करतोय. खोटं कशाला बोलू, खरंच तसं वाटलं मला. हा बसून पाहणार, आता डबा काय करतो ते. मग सूप हातातून पडलं आणि तो उचलायला वाकला नाही, तेव्हा मला कळलं.

एक दिवा लागला असता तर! नुसता एकदा लुकलुकला असता तर कुणीतरी वळून पाहिलं असतं. मी शिव्या दिल्या, वीजतारेला, भाईदासला, त्या शेंदरालाही. म्हातारीला मात्र देववेनात.

झुंबरबाई आली ती फुलांची पिशवी घेऊन. तिनं दाराबाहेर चपला पाहिल्या, आणि पिशवी तिथंच टाकली.

"अहो! अहो, ऐकताय ना?"

गोणपाटामुळं दार हलेना. तिनं खांदा लावून दार ढकललं, पदर नाकाला बांधला आणि आप्पाला काखेत धरून ओढत अंगणात आणलं. तिची हाक ऐकून सगळ्यात आधी कोण धावला असेल? उखर्डू! ज्याच्यावर मी चोरीचा आळ घेतला होता, त्यानंच आप्पाला हातगाडीवर घातलं आणि दवाखान्याकडं पळवलं.

आप्पा वाचला. पण तो दवाखान्यात असताना घरात नुसता संशयाचा धूर कोंडला होता. म्हातारी म्हणे कुणाची तरी नजर लागली. झुंबरबाई भावाकडे पाहीना. भाईदासला वाटे कुणीतरी मुद्दाम केलंय. शेवटी एका दुपारी तो पेचकस घेऊन आला आणि त्यानं माझं पोट उघडलं. झुंबरबाई शेजारी उभी. ओट्यावर सुंदरबाई जपमाळ घेऊन बसलेली.

भाईदासला टोकांवरचा शेंदूर दिसला. मग त्यानं फडक्यानं टोकं पुसली, फडकं मुठीत दाबलं आणि मोठ्यानं म्हणाला, "उंदीर, अक्का. उंदरानं वायर कुरतडली."

झुंबरबाईनं त्याच्या मुठीतून बाहेर आलेलं फडक्याचं शेंदरी टोक पाहिलं. सासूकडं पाहिलं. तिचा जीव किती जळाला असेल! नवरा दवाखान्यात पडलेला, आणि ज्यामुळं पडला ते समोर माळ ओढत बसलेलं. एक शब्द बोलली असती तर म्हातारी जागच्या जागी मेली असती.

"हो," ती म्हणाली. "उंदीरच. केव्हापासून सांगतेय, मांजर पाळा म्हणून."

मला भयंकर राग आला होता. सगळे खोटारडे! माझ्या पोटात खरं सापडलं आणि त्यांनी ते माझ्या डोळ्यांदेखत पुसून टाकलं. आज तो राग माझ्यात उरलेला नाही. म्हातारी पुढं बरीच वर्षं जगली आणि शेवटपर्यंत उंदरांना शिव्या देत गेली.

आप्पा घरी आला तो अर्धाच आला. चालतो, जेवतो, माणसं ओळखतो. पण कोळशाच्या गॅसनं त्याच्या डोक्यातलं काहीतरी नेलं. त्याला वाटतं, आजच खोली भरलीय, उद्या गाडी लागायची आहे. धंदा केव्हाच बंद झाला. आता बाजारात रसायनाच्या पुडीवर पिकवतात, धुरीला कोण विचारतो? खोलीत मोडक्या टोपल्या आहेत आणि दाराला कुलूप आहे. तरी आप्पा उठायचा, चपला काढायचा आणि ते कुलूप ओढत राहायचा. बोटं सोलून निघायची. "इस्तो मरी जाई वं, माले आत जाऊ दे!" विस्तव मरेल म्हणून असा रडायचा. झुंबरबाई त्याला धरून धरून थकली.

मग तिनं भाईदासला सांगितलं, "पंखा नको, पट्टी नको. नुसता दिवा लावून दे."

तेव्हापासून माझ्या पोटात काही नाही. एक वायर, एक बल्ब. झुंबरबाई सकाळी बटण दाबते आणि मी पेटतो. आप्पा येतो, भिंतीला हात लावत नाही, कान लावत नाही. दिव्याकडे पाहतो आणि निवांत ओट्यावर बसतो. वीज गेली आणि मी विझलो तरी घाबरत नाही. "ऊब पुरी व्हयनी," म्हणतो आणि बिडी ओढतो. मी खरं बोलत होतो तेव्हा या माणसानं माझ्यावर कधी विश्वास ठेवला नाही. आता मी दिवसभर धडधडीत खोटं बोलतो, आणि तो डोळे मिटून विश्वास ठेवतो. हसावं का रडावं ते कळत नाही हो मला.

तुमच्यावर माझा विश्वास नाही, हे सुरुवातीलाच सांगितलं. पण आता दुसरा इलाज नाही, ठेवावाच लागेल. कधी या गल्लीत आलात तर ओट्यावर एक म्हातारा बसलेला दिसेल. तो नक्की हाक मारेल आणि शेगडी पेटलेली आहे ना म्हणून विचारेल, "शेगडी पेटेल शे का हो?" कुलुपाकडं बघू नका. कपाळाला आठी घालू नका. माझ्याकडं एकदा पाहा आणि म्हणा, "शे ना, आप्पा. पेटेल शे."