लाखेचा शिक्का

"कागद आणला असन तं आल्या पावली परत जा, भाऊ," गोजरबाई उंबऱ्यातूनच म्हणाली. "दोनदा परतोला म्या. तिसऱ्या बारीलेई परतोईन."

भगवानराव इंगळे ओट्याच्या पायरीवर एक पाय ठेवून तसेच उभे राहिले. खामगावहून मोटारीनं येताना अंगावर धुळीचा थर बसला होता. काखेत छत्री, हातात चामड्याची पिशवी, डोक्यावर काळी टोपी. या वेषात अमडापुरात येणारा माणूस कोर्टाचाच असतो अशी गोजरबाईची समजूत, आणि त्यात तिचं फारसं चुकत नव्हतं.

आपण कोर्टाचे नाही, विद्यापीठाचे आहोत, वामन कडूबा जुमडे यांना भेटायला आलो आहोत, असं त्यांनी सांगितलं. बाईचा चेहरा क्षणात पालटला. घोंगडी आली, पाण्याचा तांब्या आला. वामन शेतावर बापाकडे गेला होता, येईलच म्हणाली. आणि मघाच्या बोलण्याबद्दल वाईट वाटू नये म्हणून तिनं सगळा खुलासा केला.

तिच्या नवऱ्याच्या, कडूबाच्या चुलतभावांनी जमिनीच्या वाटणीचा दावा लावला होता. अशा दाव्यात नोटीस हाती घेतली की माणूस अडकला, आणि घेतलीच नाही तर दावा जागच्या जागी सडतो, हे अख्ख्या वऱ्हाडाला पाठ. गोजरबाईला तर लिहिता-वाचता येत नसूनही कायदा मुखोद्गत होता.

"भादव्यात पोस्टमन आला. लाखेचा लाल शिक्का, अन् सही पाह्यजे म्हणे. पोराच्या नावानं होता कागद. म्या म्हटलं, मेल्यांनी माह्या लेकरालेई दाव्यात ओढलं. नाई घेत म्हटलं. मंग दिवाळीमागून अजून एक आला, तसाच. तोई वापस धाडला. घरात कोनाले बोलले नाई म्या. पोराचं ध्यान अभ्यासातून उडाले नोको."

ती हे सांगताना सुखावली होती. शिकलेल्या पोरासाठी अडाणी आईला काय करता येतं, ते तिनं केलं होतं, आणि आज सांगायला माणूस भेटला होता.

भगवानरावांच्या हातातला तांब्या मात्र तोंडापाशीच राहिला. ते दोन्ही लखोटे त्यांनीच पाठवले होते.

विद्यापीठात दोन वर्षांपूर्वी एक सल्ला-कचेरी उघडली होती. पदवी झाल्यावर मुलांनी काय करावं हे सांगण्यासाठी ती होती. तिथे एक सचिवसाहेब होते, एक टेबल होतं आणि भगवानराव होते. सचिवसाहेबांनी यंदा एक चौकशी काढली होती: पीएच. डी. करणारे विद्यार्थी पुढच्या नोकरीचा विचार कसा करतात, कोणाचा सल्ला घेतात, आणि कचेरीचा त्यांना काही उपयोग होतो की नाही. असे विद्यार्थी उभ्या प्रांतात मोजून अकरा. अकरा जणांना छापील प्रश्नावली गेली. दहा भरून आल्या. अकरावी आली ती लखोट्यासकट, पोस्टमनच्या शेऱ्यासह: 'घेण्यास नकार.' सचिवसाहेब म्हणाले, बघा, यांना पुढचा विचारच नसतो. भगवानरावांना ते लागलं. वामन जुमडे आपल्या जिल्ह्याचा. ते स्वतः सोनाळ्याचे. चार दिवसांची रजा टाकून, लखोटा पिशवीत घालून ते निघाले.

तो दुसरा लखोटा. पहिला त्याहून मोलाचा होता. भाद्रपदात सरकारी कापूस-फार्मवर संशोधन सहायकाची जागा निघाली, आणि कापसाच्या मर रोगावर प्रांतात एकटा वामन काम करत होता. जागा जणू त्याच्या मापानं बेतलेली. मुलाखतीचं पत्र गहाळ होऊ नये म्हणून भगवानरावांनी ते रजिस्टर केलं, वर आणखी काळजी म्हणून दोन ठिकाणी लाखेचा शिक्का मारला. पत्र परत आलं तेव्हा कचेरीतल्या वामनच्या नावाच्या नोंदकार्डावर आपल्या वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं, 'उमेदवार इच्छुक नाही,' आणि दौतीचं झाकण लावलं.

खेड्यात रजिस्टर परत जातं हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. सोनाळ्यात त्यांची आई विमलबाई पोस्टमन दिसला की कडी लावून घ्यायची. त्यांच्या स्वतःच्या नोकरीचा हुकूम आला होता तो साध्या उघड्या कार्डावर, म्हणून पोचला. पोस्टमननं तो चावडीपुढे मोठ्यानं वाचला, आणि भगवानरावांच्या आधी गावाला कळलं की इंगळ्यांचा पोरगा बाबू झाला. सतरा वर्षं खुर्चीवर बसल्यावर माणूस हे सगळं विसरतो. काळजी घेतली, आणि काळजीनंच घात केला.

वामन आला. सव्वीस-सत्ताविसाचा, उन्हानं रापलेला, बोटांना काळी माती. त्यानं हात धुतले आणि पाहुण्याला आत नेलं. भिंतीला लागून कागदांची थप्पी होती, वर जात्याची तळी ठेवून दाबलेली. कागदांमध्ये वाळलेली कपाशीची झाडं, मुळांसकट, प्रत्येकाखाली गाव आणि तारीख. त्यातली बरीचशी सोनाळ्याची होती. भाद्रपदात तीन आठवडे तो तिकडेच राहिला होता, रोगट झाडं उपटत. शेतकरी विचारायचे, मेलेलं झाड कशाले नेतं बाप्पा. भगवानरावांनी आपल्या गावाचं नाव त्या बारीक अक्षरात वाचलं आणि त्यांना गलबलून आलं.

प्रश्नावली काढताना लखोटा त्यांनी पिशवीतच राहू दिला. वामन मांडी घालून भरू लागला. पदवीनंतर काय करण्याचा विचार आहे? त्यानं लिहिलं, मिडल स्कूलमध्ये मास्तरकी. सोमवारपासून चिखलीला रुजू व्हायचं होतं. प्रबंधाचं काय, असं भगवानरावांनी विचारलं. जमंल तसं पाहू, म्हणाला. कोणाचा सल्ला घेतला? कोणाचाही नाही. विद्यापीठाच्या कचेरीकडून काही मदत झाली काय? त्यानं 'नाही' लिहिलं, राग न ठेवता, पाऊस पडला का विचारल्यावर नाही म्हणावं तसं.

मग लेखणी खाली ठेवून तो म्हणाला, "एक इचारू, बाबूसाहेब? भादव्यात फार्मवर जागा निघाली होती म्हनतात. माह्या मागून नाव नोंदोलेल्या शकीलले बलावलं. चांगला पोरगा हाय, त्याचं काई नाई. पन मले काऊन नाई बलावलं? माह्या कामात काई खोट होती का?"

चुलीपुढे भाकर थापणाऱ्या गोजरबाईचे हात थांबले. तीही ऐकत होती.

चार महिने हा प्रश्न त्यानं मनात ठेवला होता हे दिसतच होतं. आपलं काम कमी पडलं असं समजून तो मास्तरकीला निघाला होता. भगवानरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या आईकडे. खरं सांगितलं असतं तर पोराच्या मनातला काटा निघाला असता आणि आईच्या काळजात कायमचा रुतला असता.

"खोट नव्हती," ते म्हणाले. कचेरीतली भाषा आपोआप गळून पडली. "तुह्याच नावाचं पत्र निघालं होतं, वामन. सगळ्यात पयलं. माह्या हातून ते पोचलं नाई. चूक माही हाय."

चुलीवरची भाकर करपल्याचा वास आला तेव्हा गोजरबाईनं ती उतरवली. मग ती उठून आली आणि भगवानरावांच्या पुढे उभी राहिली. आवाज चढवला नाही, त्यामुळे ते ऐकणं जास्त जड गेलं.

"तुमाले पगार कशाचा भेटते, भाऊ? पोरानं माह्या चार वर्सं दिवाळीले नवा सदरा नाई घातला. अन् तुमच्या हातून एक कागद नाई पोचला?"

भगवानराव मान खाली घालून बसले. बाई जे म्हणत होती ते खोटं नव्हतंच. कार्डावर 'इच्छुक नाही' लिहिण्याआधी एक साधं कार्ड टाकून विचारता आलं असतं. त्यांनी विचारलं नव्हतं.

तरी तिनं ताट वाढलंच. ज्वारीची भाकर, ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी, वर तेलाची धार. दारी आलेला माणूस कसाही असो, त्याला उपाशी धाडायची या घराची रीत नव्हती. फक्त ताट ठेवताना ती नेहमीसारखं 'सावकाश होऊ द्या' म्हणाली नाही. भगवानरावांनी बोटभर भाजीसुद्धा ताटात उरू दिली नाही.

वामन त्यांना मोटारीपर्यंत पोचवायला आला. वडाखाली मोटारीची वाट पाहत बसले तेव्हा वामन म्हणाला, "रजिस्टर केलं होतं ना पत्र?"

भगवानरावांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली.

"दिवाळीमागून पोस्टमन म्हने मले, तुह्या मायनं दोन लखोटे परतोले. मले वाटलं, कोर्टाचे असतीन. म्या काई इचारलं नाई तिले. आता तुमी घरात बोलले तवा समजलं." तो बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते लपवायची त्यानं खटपट केली नाही. "लय हुशारी केली म्हनून तिले वाटते. वाटू द्या. तिले कधी कळू देऊ नोका."

"नाई कळनार," भगवानराव म्हणाले.

मोटारीचा धुरळा लांबवर दिसू लागला. वामननं प्रश्नावली परत मागितली, गुडघ्यावर ठेवून काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, आणि घडी करून हातात दिली. मोटार चिखलीचं वळण ओलांडून गेल्यावर भगवानरावांनी घडी उघडली. मदत झाली काय, या प्रश्नापुढचं 'नाही' खोडलेलं होतं. शेजारी लिहिलं होतं: 'होय. माणूस घरी आला.'

महिन्याभरानं कचेरीच्या समितीची बैठक भरली. सचिवसाहेबांनी अहवाल वाचला. भगवानराव फायली घेऊन दाराशी उभे होते. अकरा विद्यार्थ्यांपैकी दहांना कचेरीचा उपयोग झाला नाही. एकाला झाला. साहेबांनी त्या एकावर थोडा जोर दिला. सुरुवात म्हणून वाईट नाही, असं ते म्हणाले, आणि सभासदांनी माना डोलावल्या. उपयोग कोणता झाला, हे कोणी विचारलं नाही.

बैठक उठल्यावर भगवानराव टेबलापाशी आले. वामन जुमडेचं कार्ड काढून त्यांनी 'उमेदवार इच्छुक नाही' ही ओळ खोडली आणि खाली लिहिलं, 'पत्र पोचले नाही. दोष कचेरीचा.' सही केली. ती जागा शकीलला मिळून गेली होती, आणि चिखलीच्या शाळेत वामन एव्हाना त्रैराशिक शिकवत असेल.

मग त्यांनी लाखेची कांडी आणि शिक्का खणात मागे सारला. बाहेरगावच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाची जागा निघाल्याची चिठ्ठी सकाळीच आली होती. त्यांनी एक साधं उघडं कार्ड पुढे ओढलं. त्यावर वामनचा पत्ता लिहिला आणि 'पोस्टमनने घरी वाचून दाखवावे' अशी सूचना दिली. मजकुराला हात घालण्याआधी, कोणालाही लांबून वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, सगळ्यात वर त्यांनी लिहिलं, 'हे कोर्टाचे पत्र नाही.'