गाणाऱ्या कुंड्या

"पानाला हात लावा, झाड गाईल," अशी पाटी प्रदर्शनाच्या दारावर होती. आतल्या चाळीसही कुंड्या माझ्या रोपवाटिकेतल्या. पानाला हात लावला की खरंच सूर निघायचा. नेच्याचा आवाज बारीक, रबराच्या झाडाचा घोगरा, असं मी घरी जावेला कौतुकाने सांगितलंसुद्धा.

आठवड्याभरात पानं काळी पडली. माणसांच्या हातांना काय काय लागलेलं असतं! घाम, क्रीम, आइस्क्रीम. एका बाप्याने तर नाक पुसलेली बोटं पानावर फिरवली. पानं बुळबुळीत झाली, देठ कुजले, घाण वास सुटला. दर सोमवारी मी मेलेली झाडं पोत्यात भरायचे आणि नवी लावायचे. शिसारी यायची, पण म्हणायचे, जाऊ दे, गातायत तरी बिचारी.

काल कुजलेला नेचा मुळासकट उपटून पोत्यात टाकला आणि रिकामी कुंडी उचलायला वाकले. कुंडीतून तोच बारीक सूर निघाला. पुन्हा हात नेला, पुन्हा वाजला.

हे प्रदर्शन मांडणारे कलाकार साहेब शेजारीच कॉफी पीत उभे होते.

"अहो, यात झाडच नाहीये!"

"सेन्सर कुंडीच्या काठाला आहे, ताई, हात जवळ आला की सूर वाजतो. आवाज आम्ही आधीच भरून ठेवलेत."

"मग माझी झाडं कशाला मारताय?"

त्यांनी पोत्याकडे बघून नाकाला रुमाल लावला. "लोकांना हात लावायला काहीतरी नको का? आणि या खेपेला जरा मऊ पानांची आणा. ती जास्त आवडतात."