एक अक्षरही नाही

चंपाने वनिताची बादली पायानेच सरकवली आणि आपली कळशी नळाखाली लावली. बादली कलंडली. तिच्यातलं पाणी फरशीवरून वाहत वनिताच्या पावलांपर्यंत आलं.

"माझा नंबर हाय," चंपा नळाकडे बघत म्हणाली. मग भिंतीला ऐकवावं तसं तिने ऐकवलं, की प्रार्थनेला सगळ्यांच्या आधी पळणाऱ्या बायकांना पाणीही सगळ्यांच्या आधीच लागतं.

वनिता वाकली. तिने बादली सरळ केली, साडीचा ओला काठ पिळला आणि बाजूला उभी राहिली. चंपाची कळशी भरली, हंडा भरला, मग मुद्दाम आणलेलं एक पातेलंही भरलं. वनिताचे ओठ मिटलेले होते. समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडणारी धोंडूबाई हातातलं सूप थांबवून बघत होती, आणि ती बघते आहे हे वनिताला ठाऊक होतं.

वनिताच्या या गप्प बसण्याचं राहनाळमध्ये मोठं नवल होतं, कारण तिची आधीची जीभ सगळ्यांनी ऐकलेली होती. दापोड्याच्या गोदामात ती पॅकिंगला होती. तिथे तिचा आवाज चढला की हमाल खोकी टाकून दुसऱ्या दाराने बाहेर पडायचे. आता ती कुणाला काही म्हणत नसे. लोडिंगचा मुकादम एकदा तिला म्हणाला होता, "मौसी, पहले गाली देती थी तो पता चलता था, गुस्सा कब उतर गया." ती नुसती हसली होती.

सव्वा वर्षापूर्वी तिचा नवरा पंढरी गेला. त्याच्या लांबलेल्या आजारपणातच ती मंडळीत जाऊ लागली होती आणि तिने बाप्तिस्मा घेतला होता. पंढरीने तिला अडवलं नाही. पण धाकटा दीर मनोज आणि जाऊ चंपा यांना ते कधीच रुचलं नाही. घर एकच, मधे भिंत घातलेली, अंगण आणि नळ सामाईक. पंढरी गेला त्या सकाळी अंगण माणसांनी भरलेलं असताना चंपा मोठ्याने म्हणाली होती, "कुळाचा देव टाकला हिनं. त्यानंच हिचं कुंकू नेलं."

वनिताने तेव्हा मान वर केली होती. उत्तर तयार होतं. चंपाच्या बापाने विष घेतलं होतं. माहेरच्यांनी बाहेर हार्टअटॅक सांगितला होता, आणि खरं काय ते चंपाने फक्त वनिताला सांगितलं होतं, लेकीच्या, क्षितिजाच्या वेळी, बाळंतिणीच्या खोलीत, तिच्या मांडीवर डोकं ठेवून. तेवढं एक वाक्य त्या अंगणात टाकलं असतं तर चंपाला गावात तोंड दाखवता आलं नसतं. वाक्य ओठांशी आलं होतं. वनिताने पदर दातांत धरला आणि ते गिळलं.

त्या दिवशी तिने केलं ते खरोखरच मोठं होतं. पण त्यानंतर ती चंपाशी बोललीच नाही. सुतकात चंपा लेकीच्या हातून भाकरी-कालवण पाठवत असे. वनिता ताट घेई, जेवण मागच्या दारी कुत्र्याला घाली आणि ताट घासूनपुसून परत देई. सुरुवातीला गप्प बसणं जड गेलं. मग सवय झाली. पुढे पुढे तर त्यात गोडी वाटायला लागली. चंपा जितकी खाली उतरून भांडे, तितकी वनिता स्वतःला वर गेलेली दिसे.

अंजूरफाट्याजवळ हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत मंडळी भरत असे. त्या रविवारी पास्टर रामनाथ जिभेवर बोलले. माणसाच्या तोंडातून आशीर्वाद निघतो आणि शापही निघतो, ते म्हणाले, आणि मग त्यांनी वनिताला साक्ष द्यायला उभं केलं. वनिताने नळावरचं सगळं सांगितलं. सव्वा वर्षात जाऊबाईला एकही वाईट शब्द बोलले नाही, असं ती म्हणाली तेव्हा बायकांनी आमेन म्हटलं, आणि पास्टरांची बायको रीमा हिने डोळे पुसले. वनिता खाली बसली. तिचा चेहरा तापला होता आणि तिला ते आवडलं होतं.

त्याच दुपारी पडघ्याहून दोघंजण आली. क्षितिजाला बघून गेलेल्या मुलाची आत्या गोदूबाई आणि तिचा नवरा. घरच्यांना न कळवता आजूबाजूला चौकशी करायची, ही सगळीकडची रीत. चंपा आणि मनोज भिवंडीला बाजारात गेल्याचं बघूनच ती दोघं वनिताच्या दारात आली होती. वनिताने पाणी दिलं, चहा टाकला.

"पोरगी तुमच्या डोळ्यांदेखत वाढली," गोदूबाई म्हणाली. "चुलतीपेक्षा जास्त कुणाला ठावं असणार? कशी हाय?"

वनिताच्या डोळ्यांपुढे क्षितिजा आली. पंढरीच्या उशाशी बसून त्याला चमच्याने पेज भरवणारी, त्याने ओकलं तर तोंड वाकडं न करता ते पुसणारी. मग तिच्यामागून तिची आई आली.

"मी कुणाबद्दल काही बोलत न्हाय," वनिता म्हणाली.

"आम्ही चांगल्यासाठीच विचारतोय."

"चांगलं न्हाय, वाईट न्हाय. कुणाचं उणं काढायचं न्हाय, अशी आम्हाला शिकवण हाय."

गोदूबाईने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने अर्धा चहा तसाच ठेवून कप खाली टेकवला. गोदूबाईने मग मुलीच्या आईचं विचारलं, घरातल्या वागण्याबोलण्याचं विचारलं. वनिताने दर वेळी तेच उत्तर दिलं, अगदी मऊ आवाजात. शेवटी गोदूबाई "समजलं" म्हणून उठली. वनिता त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेली. परत येताना तिला आतून हलकं वाटत होतं. ही शांती आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

दोन-तीन दिवसांत मध्यस्थाचा मनोजला फोन आला. पोरगी पसंत होती, पण घरातलीच चुलती तोंड उघडायला तयार नाही, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत असणार, असं त्या लोकांचं म्हणणं पडलं होतं. त्यांनी नाही म्हणून कळवलं होतं.

वनिता शिफ्ट संपवून घरी आली तेव्हा चंपा तिच्या दारातच उभी होती. पंढरी गेल्यापासून ती या उंबऱ्याशी आली नव्हती. मागे क्षितिजा होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत.

"काय सांगितलंस त्यांना?" चंपाने विचारलं. "माझ्यावरचा राग माझ्यावर काढायचा. पोरीनं काय केलं तुझं?" तिचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जात होता. वनिता प्रार्थना करते ती कुणाचं वाटोळं व्हावं म्हणून, हे ती ओरडून ओरडून सांगत होती, आणि लोक दारात येत होते.

वनिताने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. सव्वा वर्षात पहिल्यांदा ती चंपाच्या डोळ्यांत बघून बोलली.

"एक अक्षरही न्हाय. प्रभूसमोर सांगते. मी एक अक्षरही बोलले न्हाय."

चंपा थांबली. तिने वनिताच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधलं आणि तिला ते सापडलं. तिचा विश्वास बसला. इतका वेळ चढलेला तिचा आवाज एकदम खाली आला.

"म्हंजे माझ्या पोरीसाठी तुझ्याकडं एक अक्षर नव्हतं."

क्षितिजाने आईचा दंड धरला. "चल आई," ती म्हणाली. एरवी दोन शब्दांत एकदा तरी मोठी आई म्हणणाऱ्या त्या मुलीने वनिताकडे पाहिलंही नाही.

वनिताने रीमाला फोन केला. तुम्ही खोटं बोलला नाहीत, वाईट बोलला नाहीत, तुमचा यात काही दोष नाही, असं रीमा म्हणाली. उलट अशा वेळी लोक अंगावर येतात आणि तिथेच आपली परीक्षा असते. वनिता ऐकत राहिली.

"रीमाताई," मग ती म्हणाली, "गप्प बसून कुणाला शिवी देता येते का हो?"

पलीकडे रीमा जरा घोटाळली. आपण यासाठी प्रार्थना करू, असं तिने सांगितलं. वनिता हो म्हणाली, पण नेहमीसारखं आमेन तिच्या तोंडून निघालं नाही.

सुट्टीच्या दिवशी तिने पडघ्याची जीप धरली. हायवेला ट्रक तुंबले होते. त्या ताटकळण्यात ती काय बोलायचं ते जुळवत होती, आणि प्रत्येक वाक्य स्वतःच्याच कानाला खोटं लागत होतं.

बाजारामागच्या घरासमोर गोदूबाई वाल सोलत बसली होती. तिने वनिताला ओळखलं, पण बसा म्हटलं नाही.

"आता कशाला आलात? त्या दिवशी तर बोलायची बंदी होती."

"चुकलं माझं," वनिता उभ्याउभ्याच म्हणाली. मग तिने क्षितिजाचं सांगितलं. पेज, ओकारी, हागणमुतण सगळं सांगितलं. शेवटच्या दिवसांत पंढरीला स्वतःच्या बायकोचा स्पर्श सहन होत नव्हता, पण पुतणीने हात लावला तर चालायचा, हेही सांगितलं. हे तिने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मंडळीतही नाही.

गोदूबाईचे हात थांबले नाहीत. "पोरगी चांगलीच दिसत होती आम्हाला," ती म्हणाली. "पण पोरगी आईवर जाते. तुमची जाऊ कशी हाय? गल्लीत तर म्हणतात, रोज तुमच्या अंगावर ओरडत असते."

वनिताला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगणं सोपं नव्हतं.

"ओरडते," ती म्हणाली. "तोंडाची फटकळ हाय. पण तिच्या तोंडात असतं तेवढंच तिच्या पोटात असतं. मागं काही उरत न्हाय. माझा माणूस गेला तवा मला नको ते बोलली, आणि त्याच दिवशी संध्याकाळी माझ्यासाठी भाकरी थापली. मी ती कुत्र्याला घातली. तिला सांगितलं न्हाय. माझ्या तोंडातून काही निघत न्हाय, म्हणून लोकांना मी चांगली वाटते."

गोदूबाईने आता वर पाहिलं. मग तिने पाट पुढे सरकवला. वनिता बसली.

"तुम्ही हे त्याच दिवशी बोलायला पायजे होतं, बाई," गोदूबाई म्हणाली. "आमच्या पोराचं काल शहापूरला ठरलं."

तिने चहा विचारला. वनिता नको म्हणाली.

राहनाळला उतरली तेव्हा ऊन कलायला आलं होतं. ती पडघ्याला गेल्याची बातमी तिच्याआधी पोचली होती, कारण जाताना तिच्या जीपमध्ये गावातलं कुणीतरी होतं. चंपा अंगणात वाळवण गोळा करत होती. तिने हातातली चादर तशीच टाकली.

"उरलंसुरलं सांगून आलीस का?" ती म्हणाली. आता कुठलं स्थळ आलं तरी ही बया तिथे जाऊन बसणार, असं ती आसपासच्या सगळ्यांना सांगू लागली. पंढरीभाऊंच्या मागं हिला कुणी उरलं नाही, म्हणून ही दुसऱ्याच्या घरावर टपली आहे. देव टाकला तिथेच हिची अक्कल गेली. कुंकू गेलं तरी डोळे उघडले नाहीत.

एरवी वनिता अशा वेळी मान खाली घालून आत जाई आणि दार हळूच लावून घेई. आज ती अंगणातच थांबली. तिने पायातल्या चपला काढल्या आणि चंपाच्या समोर, हातभर अंतरावर जाऊन उभी राहिली.

"ते बोलू नको," ती म्हणाली.

"काय बोलू नको?"

"कुंकवाचं. तू त्या दिवशी बोललीस, ते मला लागलं, चंपा. अजून लागतंय. रात्री झोपताना ऐकू येतं."

चंपाने चादर उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"मग तवाच का न्हाय बोललीस?" ती तितक्याच रागाने म्हणाली. "मी रोज वाट बघत होते. आज शिव्या देईल, उद्या देईल. दगडाशी बोलल्यासारखी बोलतेय मी सव्वा वर्ष."

"बोलले असते तर तुझ्या बापाचं बोलले असते."

चंपाचा रंग उतरला. तिने चटकन आजूबाजूला पाहिलं. वनिताने हे इतक्या हळू म्हटलं होतं की कुणाला ऐकू गेलं नव्हतं.

"बोलली न्हायस," चंपा म्हणाली.

"न्हाय."

"कुणालाच?"

"कुणालाच न्हाय. पण पोरीचं चांगलं पण बोलले न्हाय. आज सांगायला गेले होते. उशीर झाला. शहापूरला ठरलं त्यांचं."

चंपाने पुन्हा आवाज चढवला. उशीर झाला हे सांगायला आलीस का, तिने विचारलं, आणि माझ्या भाकऱ्या तरी गिळल्यास का त्या वेळी? वनिताने खरं ते सांगितलं. ते ऐकून चंपाने अशी एक शिवी हासडली की क्षितिजा आतून धावत दारात आली. वनिता हलली नाही. तीही आता जोरात बोलू लागली होती. कितीतरी दिवसांनी गल्लीला तिचा खरा आवाज ऐकू आला.

धोंडूबाई ओट्यावरून उतरली. पदर खोचत, एकीला इकडे आणि एकीला तिकडे ओढायच्या तयारीने ती लगबगीने अंगणात आली.

"पुरे करा गं आता. किती भांडाल?"

चंपाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. तिने धोंडूबाईकडे वळूनही पाहिलं नाही.

"भांडत न्हाय," ती म्हणाली. "बोलतोय. तू घरी जा."